वाढत्या मापाचा कोट

आमच्या मेडशीत त्या काळी माणूस गाव सोडून निघाला की त्याला कारण लागायचं. लग्न, मयत, कारंज्याचा कापसाचा बाजार, नाहीतर कोर्टाची तारीख. उगाच म्हणून कुणी कुठं जात नसे. त्यामुळे बाबा एका सकाळी जेवता जेवता म्हणाले, "औंदा थंडीत आपुन बर्फ पाह्यले जाऊ," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि स्वभावानं संशयी. अजूनही आहे. भाजीवालीनं न मागता कोथिंबिरीची काडी टाकली, तर मी आधी भाजी उलटून पाहते. तेव्हा बर्फाचं हे प्रकरण मला पचणं शक्यच नव्हतं. मामा, म्हणजे आईचा भाऊ, रेल्वेत होता. सिमल्याकडच्या डोंगरात एका लहानशा स्टेशनावर त्याची नोकरी. तो कितीतरी वर्षं "या, या" म्हणत होता आणि बाबा ते हसण्यावारी नेत होते. यंदाच काय झालं? शेतात कापूस पांढराशुभ्र फुटलेला, वेचायला बाया मिळेनात, आणि वेचणीच्या दिवसांत सख्ख्या सासुरवाडीला न जाणारा हा माणूस बर्फ पाहायला निघाला!

"कोन कोन जानार?" मी विचारलं.

"मी, तुयी माय आन् तू."

"आन् धाकटा?"

"त्याले थंडी सोसत नाई. थो आत्यापाशी राहीन."

धाकटा म्हणजे माझा चार वर्षांचा भाऊ. घरात त्याला सोडून पानही हलत नसे. आत्या, बाबांची मोठी विधवा बहीण, आमचं घर चालवायची, आणि तिच्या राज्यात पहिला लाडू त्याचा, पहिली साय त्याची. असं असताना बर्फाची मौज मला आणि त्याला काही नाही? मी ताटावरून उठले ती मनात खूणगाठ बांधूनच उठले.

दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून मी आत्याचं बोलणं ऐकलं. ती बाबांना हळू आवाजात सांगत होती, "ठेवून ये बापा, इलाज नाई. पन गावात कोनाले मालूम पडू देऊ नोको. पोरीच्या लग्नाचा सवाल हाये."

झालं. डोंगरावर कुणालातरी ठेवून यायचं होतं, आणि पोर म्हणावी अशी त्या घरात मी एकटीच होते. माझ्या बरोबरीच्या दोघी आदल्या वर्षीच सासरी गेल्या होत्या. मला आता त्या थंड मुलखात कुठल्यातरी बिनओळखीच्या घरात देणार आणि हे लोक हात झटकून परत येणार, याची मला खात्री पटली. पण मी कुणाला काही बोलले नाही. आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

मग थंडीच्या कपड्यांची तयारी सुरू झाली. आमच्या घरात गरम कपडा म्हणजे घोंगडी आणि रजई. बर्फ कुणीच पाहिलेला नव्हता. आत्याला वाटे की तिथं आपल्याकडच्यासारख्या गाराच पडत असतील, फक्त रोज. म्हणून बाहेर जाताना डोक्यावर धरायला एक पितळी परात न्यावी, असा तिचा आग्रह होता. बाबांनी समजावलं, तरी परात बरेच दिवस सामानाच्या ढिगात पडून होती. थंडी कसली का असेना, कापसापुढं तिचं काय चालणार, असं सगळ्यांचं ठाम मत. कापसाच्या मुलखात जन्म गेला होता ना!

अंगणात पिंजारी येऊन बसला. दिवसभर त्याच्या धनुकलीचा आवाज घुमत राही आणि रुईचे तंतू उडून घरभर पसरत. त्या दिवसांत सगळेच खोकायचे. आत्या खोके, मी खोके, गोठ्यातला गडीही खोके. आईला खोकला जरा जास्तच लागला होता. शिंप्यानं सगळ्यांच्या मापाच्या बंड्या शिवल्या, त्यात बोटभर जाड रुई भरून वर टाके घातले. मी माझी घालून पाहिली तर हात खाली येईनात.

इथवर ठीक होतं. पण एका दुपारी आत्यानं माळ्यावरून वेगळं गाठोडं खाली काढलं आणि मी सावध झाले. त्या गाठोड्यात पहिल्या वेच्याचा कापूस असे. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि त्या दिवशी वेचलेला कापूस विकायचा नाही, अशी आमच्या घराची रीत होती. वर्षभर देवाच्या वाती त्याच्याच. दुसरा उपयोग एकच: घरची लेक सासरी निघाली की तिच्या गादीत तो भरायचा.

"हा कायले काढला?" मी विचारलं.

"रजईले."

"कोनाच्या?"

"जिले थंडी लागन तिच्या," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून गाठ सोडू लागली.

लाल कापडाची, एकाच माणसाला पुरेल अशी रजई तयार झाली. बाबांसाठी नाही, सगळ्यांत मिळून नाही. एकटीसाठी. मी ती हातानं दाबून पाहिली आणि मला रडू कोसळलं. गादीच्या ऐवजी रजई, एवढाच काय तो फरक!

उरलीसुरली शंका कोटानं मिटवली. बाबा आईला घेऊन अकोल्याला गेले होते, कपडे घ्यायचे म्हणून. सकाळच्या मोटारीनं गेलेले ते दिवेलागणीला आले आणि एवढ्या वेळात त्यांनी आणलं काय, तर एक काळा लोकरी कोट. जुनाच, कॉलरीपाशी झिजलेला. "कोन्या मेल्या मडमीचा असन," असं म्हणत आत्यानं त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि तो दोरीवर वाळत टाकला. कुणी नाही असं पाहून मी तो अंगात चढवला. बाह्या बोटांच्या पुढे गेल्या, खालची कड घोट्याला लागली.

आमच्याकडे मुलीचा प्रत्येक कपडा वाढत्या मापाचा असे. परकराची कड आत दुमडून शिवायची आणि दरवर्षी बोटबोट सोडत जायची. म्हणजे हा कोट एका हिवाळ्याचा नव्हता. मी त्यात मावेपर्यंत, दोन-तीन वर्षं, मी तिथंच राहायची होते. आमच्या घरात हा कोट दुसऱ्या कुणाचा असू शकेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नऊवारी लुगड्यावर कोट घातलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

आई या धांदलीत कुठंच नव्हती. ती त्या दिवसांत बाहेरची असे. मागच्या खोलीत तिची घोंगडी, तिचं ताट, तिचा तांब्या वेगळा. आम्ही तिला शिवायचं नाही. धाकटा तिच्याकडे धावला की आत्या त्याला दंडाला धरून मागे ओढी. यात नवल ते काय? बाईमाणसाचे चार दिवस असतातच. आई उंबऱ्याच्या आत बसूनच मला सांगायची आणि मी ट्रंक भरायची. घोंगड्यांच्या घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल. कानटोप्या वर ठेवजो. काळा कोट दाबू नोको.

कोटाचं नाव निघालं आणि माझा धीर सुटला. "मले तेथीच सोडून येनार हा ना तुमी?" मी ओरडलेच.

आई आधी हसली. मग खोकली, बराच वेळ. "तुले कोन सोडते व? तू त मीनं मांगून घेतली. तुया बाप नाईच म्हने."

मोठी माणसं हसून बोलली की मला जास्त भीती वाटते. मी तशीच उभी राहिले. तेव्हा ती म्हणाली, "बरं, असं कर. तुया कपड्याचं गाठोडं येगळं बांध. तुया हातानं बांध, आन् घरी येऊन तुयाच हातानं सोड. कोनाले देऊ नोको. मंग त झालं?"

मी ते गाठोडं बांधलं, आणि मोटारीत, आगगाडीत, त्या डोंगरातल्या खेळण्यासारख्या गाडीत, सगळीकडे मांडीवर धरून बसले. लाल रजईच्या जवळपासही ते जाऊ दिलं नाही. आई खिडकीशी वेगळी बसायची. प्रवासातही ती बाहेरचीच होती.

बर्फाबद्दल काय सांगू? आवाज न करता काही पडू शकतं हेच मला माहीत नव्हतं. आम्ही बंड्या चढवून मोठ्या ऐटीत बाहेर पडलो आणि घटकाभरात त्या पाणी पिऊन जड झाल्या. बाबांची बंडी मामानं पिळली तर घंगाळभर पाणी निघालं. मामा हसून हसून खाली बसला. आई पडवीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून हसत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदाच संशय विसरले आणि तिच्याकडे पाहून हात हलवला.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मामाच्या दाराशी डोली आली. दोन पहाडी माणसांनी ट्रंक उचलली. लाल रजई दोरीनं बांधून तिच्यावर ठेवली. मी गाठोडं छातीशी धरून दाराची चौकट घट्ट पकडली. "मी नाई जानार," मी किंचाळले. "मले नाई राह्यचं येथी!"

कुणीच माझ्याकडे आलं नाही. मग आतल्या खोलीतून आई बाहेर आली. लुगड्यावर तो काळा कोट घालून. बाह्या बरोबर मनगटापर्यंत. वाढतं माप नव्हतंच ते. आईचंच माप होतं.

ती माझ्यापासून लांबच थांबली आणि म्हणाली, "पाह्य, तुयं गाठोडं कोनी घेतलं का?"

बाबा तिच्याबरोबर गेले आणि संध्याकाळी एकटे परतले. तेव्हा मामानं मला सांगितलं. त्या डोंगरापलीकडे छातीच्या रोग्यांचा दवाखाना होता. अकोल्याच्या डॉक्टरनं आईच्या छातीला नळी लावून क्षय सांगितला होता. ज्या घरात क्षय, त्या घरची मुलगी कोण करून घेणार? म्हणून बर्फ, म्हणून मौज, म्हणून गावाला दाखवायला ही सहल. म्हणजे पोरीच्या लग्नाचा सवाल खराच होता. मी काही दिवस बरोबर असावी एवढंच तिनं मागितलं होतं.

मला स्वतःचा राग आला, बाबांचा आला, आत्याचा तर फारच. मी प्रत्येक घडी उलटून पाहिली होती. आईचे ते चार दिवस संपतच नाहीत, हे मात्र माझ्या नजरेतून सुटलं होतं.

आई त्या डोंगरावरून परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती तिथंच गेली. कोट, रजई, सगळं तिथंच जाळलं.

पण माझ्या मनात रुतून बसली आहे ती आम्ही घरी परतलो ती सकाळ. आत्या शेजारणींना सांगत होती, "भावापाशी राह्यली चार दिवस, हवापान्याले." मागच्या खोलीतली घोंगडी आणि ताट नाहीसं झालं होतं, जमीन ताजी सारवलेली होती. मी माझं गाठोडं ओसरीवर सोडायला बसले. गाठ पाण्यानं आवळून बसली होती, सुटेना. धाकटा माझ्यापाशी आला. आत्याच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसलेला नव्हता. तोही माझाच भाऊ. त्यानं त्या रिकाम्या खोलीत डोकावून पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "माय कोठी हाये?"

मला खोटं बोलणाऱ्यांचा इतका संताप आलेला असताना माझ्या तोंडून निघालं, "माय बाहेरची हाये. डोक्यावरून न्हाली का येईन."

त्याला ते एकदम पटलं. असंच तर होत आलं होतं. तो उठला, न्हाणीतली रिकामी बादली दोन्ही हातांनी ओढत चुलीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "आत्या, मायले न्हायाले पानी ठेव."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं घंगाळात पाणी ओतलं आणि चूल पेटवली.