देवमननं कापलेला 'अ'

केनवडच्या देवमनचा राग म्हनजे चालू मोटर. हात लावला का झटका. पान्याच्या मोटरीचं वाइंडिंग करनारा मानूस, शाळा नववीत सुटली, पन बोलन्यात कोनाले हार जाईन तं शपथ. "मेलेली मोटर माह्या हातानं जित्ती होते," असं स्टँडवर छाती फुगवून सांगे. त्याच्याहून मोठी फुशारकी एकच, लहान बहीन वैजयंती. अकोल्याच्या दवाखान्यात दोन वर्सं नर्स होती पोरगी.

आता रिसोडच्या एका नव्या दवाखान्यात तिची इंग्रजीत मुलाखत होती. आदल्या दिवशी देवमननं दुकानातच तालीम घेतली.

वैजू म्हने, "आय हॅव अ लिटल एक्सपीरियन्स."

"थांब! हे अ-अ काय लावलं? तोतऱ्यावानी वाटते. कापून टाक!"

"दादा, तो शब्दच हाय..."

"मले शिकवतं? वाइंडिंगमंदी फालतू तार ठेवली का मोटर जळते. काप म्हनलं ना!"

मोठ्या भावाचा शब्द. तिनं कापला.

दुसऱ्या दिवशी वैजू परत आली थे डोळे लाल करून. "थे डॉक्टरीनबाई म्हने, अनुभवच नाई तं आली कायले?"

देवमननं पक्कड भिंतीवर फेकली. "अनुभव नाई? चाल, बस गाडीवर!"

दवाखान्यात शिरला थो गरजतच. "ओ मॅडम! माह्या बहिनीनं दोन वर्सं लोकायच्या जखमा धुतल्या, थे काय खेळ होता का?"

डॉक्टरीनबाईनं चष्मा काढला. "ह्या स्वतःच म्हणाल्या, लिटल एक्सपीरियन्स. म्हणजे अनुभव नसल्यातच जमा. अ लिटल म्हणाल्या असत्या, तर थोडाफार आहे असं झालं असतं."

"एवढुशा अ-नं?" देवमन अजूनच भडकला. "आमच्याकडं चुलीवरच्या गंजात उलसं, घोटभर दूध हाय म्हनलं का चहा होते! तुमच्या भाषेत दूध हाय का नाई, हेबी अ-लेच इचारा लागते काय?"

"दादा!" वैजूचा आवाज असा चढला का रांगेतले पेशंट वळून पाहाले लागले. "अ कापला कोनं? माह्या दोन वर्सांचं काम तुह्या एका हुकमानं पान्यात गेलं. जा बाहीर!"

जल्मात पह्यल्यांदा देवमन कोनाच्या हुकमानं बाहीर निंगाला. कान तापले. दाराबाहीर उभा राहून, दात खात, थो एकच अक्षर आयकाची वाट पाहू लागला.

आतून वैजू कडाडली, "अ लिटल, मॅडम! अ!" आन मंग सलाईन, टाके, डिलिव्हरी, सारं मराठीत धडाधडा सांगत गेली.

ड्युटी भेटली. संध्याकाळी स्टँडवर देवमनचं सुरूच, "माह्याच तालमीतली पोरगी हाय थे!"

पानठेल्यावाला गनेश गालात हासला. "देवमनभाऊ, तुमाले येते का हो इंग्रजी?"

देवमननं डोळे वटारले.

"येते ना! अ उलशी!"