नमुन्यापुरता नाश्ता

माझी मावशी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सकाळचा नाश्ता करायची. उभा जन्म त्यात गेला. दोनशे पोरींची पोटं भरली की तिच्या वाट्याला यायचं ते पातेल्याच्या बुडाला उरलेलं, तेही गार. निवृत्त झाली तेव्हा वसतिगृहाने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला आता वेळेत उठायचं नव्हतं, तिला घड्याळ. काका मात्र त्या घड्याळावर बेहद्द खूश.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बसडेपोच्या भांडारात होते. साबण, फिनेल, पुसायची फडकी, काहीही घ्यायचं तर आधी नमुना मागवायचा, स्वतः वापरून बघायचा, मगच खरेदी. याबद्दल त्यांचा फार लौकिक होता, असं ते स्वतःच सांगतात. घरातही तोच खाक्या. नवा पंखा आला तर पहिला आठवडा तो त्यांच्याच डोक्यावर फिरणार.

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं सुट्टीला निघाली, समुद्रकाठी. सोबतीला मी. निघायच्या आधी मावशी मला म्हणाली, "समुद्र काय, दिसला तर दिसला. मला एकदा सकाळी दुसऱ्या कुणी केलेलं गरम खायचंय. बसून."

हॉटेलच्या काउंटरवर नाश्त्याचा दर ऐकून काकांचा चेहरा खिसा कापल्यासारखा झाला. "एवढ्या पैशांत घरी आठवडाभराचा नाश्ता होतो," ते म्हणाले. होतो ना. कोण करतं ते विचारू नका. बॅगेतून पाव, लोणी आणि विजेची किटली त्यांनी घरूनच आणली होती. पहिले दोन दिवस मावशीने पलंगाच्या कडेला बसून पावाला लोणी लावलं. खालच्या स्वयंपाकघरातला खमंग वास खिडकीतून थेट वर येत होता.

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, मी भरते पैसे. चल."

"तुझे नकोत गं," ती म्हणाली. "यांनी एकदा म्हणायला हवं."

ते कुठले म्हणतात. शेवटच्या सकाळी तिनेच तोंड उघडलं. "अहो, आज मला खाली जाऊन नाश्ता करायचाय." एवढं बोलणं तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक. काकांनी जरा विचार केला आणि मान डोलावली.

"ठीक आहे. पण डोळे झाकून दोघांचे पैसे कशाला घालवायचे? मी आधी जाऊन बघतो. बरा असला तर तुला बोलावतो."

मावशीने ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. माझा नुसता तिळपापड होत होता. तिचा नाही. तिला खरंच वाटत होतं, बोलावणं येईल. बऱ्याच वेळाने खालून ताटल्या एकावर एक रचल्याचा आवाज आला. "आवरायला घेतलं त्यांनी," मावशी म्हणाली. ती तशीच बसून होती.

मग काका आले. मिशीला अंड्याचं पिवळं. सगळं खाऊन पाहिलं होतं, काही काही तर दोनदा, खात्री व्हावी म्हणून.

"काही राम नाही," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "तुझ्या हाताची चव कशालाच नाही. उगाच फसली असतीस."

हे ते अगदी मनापासून बोलत होते, हेच वाईट. दुष्टपणा असता तर भांडता तरी आलं असतं. मावशी उठली, रोजचे कपडे घातले आणि किटली लावली, कारण खालचा चहाही त्यांना पाणचट लागला होता.

आता घरी कुणी आलं की काका हा किस्सा सांगतात. ऐकणारे मावशीला म्हणतात, नशीब काढलंस बाई. मला तेव्हा उठून जावंसं वाटतं.

यंदा मी पुन्हा विचारलं. म्हटलं, नाश्ता धरूनच खोली मिळतेय, येतेस का? ती मटार सोलत होती. हात थांबला नाही.

"तू यांना घेऊन जा," ती म्हणाली. "मला नाही आता ती भूक लागत."