त्याची उत्तरं माझ्या कानात

मुलीच्या शाळेतून मागच्या आठवड्यात एक छापील कागद आला. पहिलीच्या वर्षात मूल काय काय शिकेल, याची यादी होती. शंभरापर्यंत अंक, रांगेत उभं राहणं, स्वतःचं नाव आणि पत्ता सांगणं, आपली गरज शब्दांत सांगणं. खाली पालकांची सही हवी होती. मी यादी वाचली आणि उगाच चिडले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, पेन चालत नाहीये. पेन चांगलं चालत होतं. ‘आपली गरज शब्दांत सांगणं’ या ओळीपाशी माझा हात अडला होता.

मी पहिलीत गेले ती एक वर्ष उशिरा. आईबाबांचा हिशेब सरळ होता. माझा भाऊ माझ्याहून एक वर्षानं लहान, म्हणून मला वर्षभर घरी ठेवायचं आणि दोघांना एकाच दिवशी एकाच वर्गात टाकायचं. पोरगी पोराला सांभाळून नेईल, सांभाळून आणेल. माझं एक वर्ष वाया गेलं तर कुणाचं काय जात होतं! आमच्या भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या अर्ध्या मोठ्या बहिणी अशाच लहान भावांच्या वर्गात बसलेल्या होत्या.

तेव्हा छत्तीसगड नवं नवं राज्य होतं. शाळेच्या भिंतीवर जुन्या राज्याचं नाव पुसून नवं रंगवलं होतं, पण जुनी अक्षरं खालून दिसायची. शाळा हिंदी, आणि आमच्या घरात मराठी, तीही गोंदियाकडची. मला गल्लीत खेळून खेळून हिंदी येत होती. भावाला समजायची, पण तो बोलायचा नाही. तसा तो मराठीही मोठ्यानं बोलायचा नाही. त्याचं कारण आमच्या घरात होतं.

बाबा कारखान्यात ठेक्यावर कामाला होते. आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळी असली की ते दिवसभर झोपायचे, आणि घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा आडोसा. आईनं भांडंसुद्धा हळू ठेवायचं. आम्ही दोघं बाबांच्या पलंगाखाली खेळायचो, कारण तिथं ऊन नसायचं आणि आई आम्हाला डोळ्यांपुढं ठेवू शकायची. बोलायचं ते कानात. मी मोठी, आगाऊ, मला बाहेर गल्लीत ओरडून घ्यायची सोय होती. भाऊ घराबाहेर फारसा पडायचा नाही. त्याचं सगळं बोलणं माझ्या कानात व्हायचं, गरम श्वासासकट. पुष्कळ बोलायचा तो. मुंग्या कुठं जातात, बाबा झोपेत दात का खातात, सगळं.

शाळेनं पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे तोंडावर बोट ठेवणं. त्यात भाऊ वर्गात पहिला आला. बाकीची पोरं चुळबुळ करायची, हा बोट ठेवून पुतळ्यासारखा बसायचा. मॅडम म्हणाल्या, “शाबाश, इससे सीखो सब.” मग पाढे, गिनती, फळांची नावं, उंचीप्रमाणे रांग, पाणी प्यायला जायची परवानगी कशी मागायची, हे सगळं आलं. मॅडमनी त्याला काही विचारलं की तो माझ्याकडे वळायचा, माझ्या कानात उत्तर सांगायचा आणि मी ते मोठ्यानं म्हणायची. कानात मराठी यायची आणि तोंडातून हिंदी निघायची. मॅडमना सुरुवातीला गंमत वाटली. नंतर सवय झाली. वर्गातल्या टाटपट्टीवर, म्हणजे गोणपाटाच्या लांब बसकरावर, आमची जागा कायमची एकत्र ठरून गेली.

आणि उत्तरं त्याचीच असायची, हे मी आज लिहून ठेवते. गणितात तो माझ्याहून हुशार होता. बेरजेत मी बोटं मोजत असायची आणि तो माझ्या कानात आकडा सांगून मोकळा झालेला असायचा. शाबाशी मात्र मॅडम माझ्याकडे बघून द्यायच्या. मी ती ठेवून घ्यायची.

बाबा कधीमधी काळजी करायचे. म्हणायचे, “बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. ह्या पोट्ट्याचं कसं होईन?” आई म्हणायची, “होईन हो. ताई आहे ना त्याची.”

ताईचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. सुट्टीत तो माझ्या फ्रॉकचं टोक धरून उभा. मी लघवीला गेले तर दाराबाहेर उभा. वर्ष संपत आलं तेव्हा पाचवीच्या मुलांच्या निरोपासाठी नाच बसवत होते आणि मॅडमनी मला दुसऱ्या ओळीत घेतलं. मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी तालमीत भाऊ ओळीत येऊन माझ्या फ्रॉकला धरून उभा राहिला. हाकललं तर रडायला लागला, तेही आवाज न करता, नुसते नाक-डोळे गळत. नाच बसवणाऱ्या दुसऱ्या बाईंनी मला बाहेर काढलं आणि माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. घरी जाताना मी त्याचा हात धरला नाही. रस्ता ओलांडतानाही नाही.

त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती. मुलांना दारापाशी रांगेत, तोंडावर बोट ठेवून उभं केलं होतं आणि एकेकाला आत बोलवत होते. माझा नंबर आधी लागला. माझी कविता, माझी गिनती झाली. मग मॅडमनी वही मिटली, मला जवळ घेतलं आणि अगदी मायेनं विचारलं, “सच-सच बता बेटा, भाई तेरे कान में सचमुच कुछ बोलता है, कि तू ही अपने मन से बोल देती है?”

मॅडम वाईट नव्हत्या. हे लिहायलाच हवं, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांना खरं हवं होतं, आणि खरं माझ्यापाशी होतं.

मी म्हटलं, “मैं ही बोलती हूँ, मैडम. उसको कुछ नहीं आता.”

जिभेला हाड नसतं म्हणतात. मला त्याचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त नाचात जायचं होतं, सुट्टीत धावायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्याची वर्षभराची उत्तरं आपल्या नावावर करून घ्यायलाही बरं वाटलं.

मग मॅडमनी त्याला आत बोलावलं. मी तिथंच होते. त्यांनी विचारलं, “तुम्हारा नाम क्या है?” एवढंच. तो माझ्याकडे बघत राहिला. नेहमीसारखा माझ्या कानापाशी आला नाही. मला वाटलं, घाबरला असेल. मॅडमनी तीनदा विचारलं. त्यानं बोट ओठांवरून काढलं नाही.

बाबांना शाळेत बोलावणं आलं. पोरगा बोलत नाही, उत्तरं सगळी बहिणीची आहेत, याला तुमच्या भाषेच्या शाळेत घालून बघा, असं मॅडमनी सांगितलं. गोंदियाच्या अलीकडं मामाचं गाव होतं. तिथं मराठी शाळा होती आणि मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. आठ दिवसांत सगळं ठरलं. आई एवढंच म्हणत होती, “माहीच चुकी आहे. मी त्याच्याशी हिंदी बोलली नाही. माह्या भाषेनंच पोट्ट्याचं तोंड बांधलं.” भाकरी थापताना, कपडे पिळताना तेच. मी शेजारी बसून ऐकत होते. मला बोलता येत होतं, वर्गात सगळ्यात चांगलं येत होतं, आणि मी तोंडात मूग धरून बसले.

त्या आठ दिवसांत भाऊ माझ्या कानात एक शब्द बोलला नाही.

पॉवर हाऊस स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. बाबा त्याला सोडायला जाणार होते. पॅसेंजर यायला वेळ होता. आई पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा बांधत होती. तेवढ्यात भावानं माझं डोकं खाली ओढलं आणि कितीतरी दिवसांनी कानात बोलला, “मले नाई जायचं. बाबाले सांग.”

बाबांनी विचारलं, “काय म्हणते तो?”

मी बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. तो राहिला तर मॅडम परत विचारतील, आणि सगळं बाहेर येईल. 

मी म्हटलं, “पाणी मांगते.”

बाबा धावत जाऊन नळावरून बाटली भरून घेऊन आले. भाऊ ते पाणी प्यायला. माझ्याकडे बघत सगळी बाटली प्यायला. मग गाडी आली.

पंधरा दिवसांनी मामाचा फोन शेजाऱ्यांकडे आला. पोरगा पहिल्याच दिवशी शाळेत खणखणीत बोलला. मास्तर खूश होते. पुढं तर त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नाही. आई फोन ठेवून पदर तोंडाला लावून रडली. आम्हाला वाटलं आनंदानं. ती म्हणाली, “पाहा, तिकडं बोलून राहिला. म्हंजे इकडं माह्यामुळंच नोहोता बोलत.”

आणि त्या दिवसापासून आई माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. एक पोर गेलं, दुसरं जाऊ नये म्हणून. मोडकी-तोडकी, लिंगांची सरमिसळ केलेली हिंदी. “रोटी खाया क्या? जल्दी सो जा.” शेजारणी हसायच्या, तरी तिनं सोडलं नाही. मी मराठीत उत्तर दिलं की डोळे वटारायची. भाऊ दिवाळीला चार दिवस यायचा, तेव्हा दोघं मायलेक मराठीत बोलत बसायचे आणि मी पाण्याचे पेले नेऊन द्यायची. जाताना तो आपली जुनी पुस्तकं टाकून जायचा. मी आज जी मराठी लिहिते आहे ती त्या पुस्तकांवरून शिकले. आईकडून शिकायची ती राहून गेली.

सांगायचं मी किती वेळा ठरवलं! सात वर्षांच्या पोरीला कुणीही माफ केलं असतं. पण सतरा वर्षांची झाले तेव्हा दहा वर्षं गप्प बसल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि सत्ताविसाव्या वर्षी वीस. दरवर्षी ते जड होत गेलं. लग्न होऊन मी भिलाई-३ ला आले, दर रविवारी आईकडे जायची, सांगायचं ठरवून जायची आणि भाजी निवडून परत यायची.

गेल्या हिवाळ्यात आई आजारी पडली. शेवटचे दोन महिने ती माझ्याच घरी होती. एकदा म्हटलं, “आई, माझ्याशी मराठीत बोल ना.” ती ओशाळं हसली. म्हणाली, “अब आदत हो गई बेटा.” तेव्हा तरी सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पायांना तेल लावत राहिले.

आई गेली. भाऊ आला, तेरा दिवस राहिला. आता तो गावच्याच बाजूला एका शाळेत मास्तर आहे. पहिलीचा वर्ग त्याच्याकडे आहे. माणसांशी सुरेख बोलतो. माझ्याशीही बोलला, पण पाहुण्यासारखा, तब्येत-पाणी, पोरगी काय म्हणते. चौदाव्या दिवशी मी त्याला पॉवर हाऊसला सोडायला गेले. गाडीला वेळ होता. तिथं बाकावर बसून मी त्याला सगळं सांगून टाकलं. मॅडमनी काय विचारलं आणि मी काय म्हटलं. 

तो रुळांकडे बघत म्हणाला, “माहीत आहे मले. मी दाराशीच उभा होतो ना, रांगेत.”

मी म्हटलं, मग तू मॅडमना सांगितलं का नाहीस?

“तू म्हणाली, मीच बोलते, याले काही येत नाही. तू कधी चुकत नव्हती. मले वाटलं, खरंच असन. मीच काही बोलत नसन तुह्या कानात, मले नुसतं वाटत असन.” त्यानं पिशवी पायाशी ओढून घेतली. “मंग टेसनावर एकदा करून पाहिलं. म्हणलं नाई जायचं. तू म्हणाली, पाणी. तवा पक्कं झालं.”

गाडीची घोषणा झाली. मी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला.

“मंग गावी मोठ्यानं बोलावं लागलं,” तो म्हणाला. “तिथं तुहा कान नव्हता.”

मी रडत होते. माफ कर, असं काहीतरी पुटपुटत होते. त्यानं पिशवी उचलली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“माह्याशी ठीक आहे,” तो म्हणाला. “मी लहान होतो, विसरलो असतो. आईले तरी सांगायचं होतं, ताई.”