डोळे आखणारा हात
शाडूचा ओला वास आला की मला माझा तो रुसलेला हात आठवतो. पेणला आमच्या गणपतींच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे मी आखायचे. त्या वर्षी सण महिन्यावर आला आणि ब्रश डोळ्याला टेकवला की उजवी बोटं ठणकून मुठीत वळायला लागली. हात कायमचा गेला, या भीतीने झोप उडाली. मी अकलेचा खंदक! जावेची नजर लागली म्हणून तिच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी सासूबाईंनी रोह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्याकडून वेणी घालून घेतली, सुईत दोरा ओवून घेतला, सगळं झकास. ब्रश दिला, की मूठ! "हात चांगला आहे, बाई. मेंदूचा हुकूम या एकाच कामात चुकतोय. डावं बोट उजव्या मनगटावर टेकवा बघू." टेकवलं आणि बोटं सैल पडली, कागदावर डोळा उतरला. मला रडूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय गो? घरी जाऊन आधी जावेचे पाय धर!" धरले. अजूनही मी बोट टेकवूनच आखते. कारखान्यातल्या नव्या पोरींना ती आमच्या घराण्याची रीत वाटते, म्हणून त्याही टेकवतात. आणि मी मेली त्यांना खरं सांगत नाही.