काचेवरची हळद

निर्मलाताईंची आणि माझी पहिली भेट जेमतेम दोन मिनिटांची झाली. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नाशिकला त्यांच्या छपाईच्या स्टुडिओत ऑपरेटरची जागा होती आणि मी मुलाखतीला घरातला सगळ्यात चांगला, म्हणजे केशरी शर्ट घालून गेलो होतो. आमची झेंडूची शेती. भडक रंगाचं आम्हाला वावडं नाही. ताईंनी एकदा माझ्याकडे, एकदा संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शर्ट बदलून ये. पडद्यावर तुझाच रंग दिसतोय."

त्यांच्या स्टुडिओच्या भिंती राखाडी, खिडक्यांचे पडदे राखाडी आणि ताईंच्या साड्याही राखाडी. रंगाचं काम करणाऱ्या बाईंच्या खोलीत रंग औषधालाही नव्हता. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "त्यांच्याकडे काही वाईट झालंय का रे?" आजूबाजूचा रंग डोळ्यात भरला की पडद्यावरचा खोटा दिसतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. काकूंना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही पटलं नव्हतं.

टेबलावरचे रंगीत प्रिंटर तेव्हा सगळीकडे आले होते, आणि पडद्यावर एक रंग तर कागदावर भलताच, ही तक्रारही सगळीकडे होती. लोक प्रिंटरला शिव्या देत. ताई त्याचा स्वभाव समजून घेत. दर सोमवारी संगणकाचा पडदा आधी अर्धा तास तापू द्यायचा, मग रबरी पायांचं एक छोटं मापक यंत्र त्याच्या काचेवर चिकटवून त्याचे रंग मोजायचे आणि ताळ्यावर आणायचे. प्रत्येक कागदासाठी प्रोफाइल वेगळं, म्हणजे हा प्रिंटर, ही शाई आणि हा कागद एकत्र आले की कसे वागतात, याची नोंद असलेली फाइल. छापलेला कागद एक दिवस वाळू द्यायचा आणि मग सज्जात नेऊन उन्हात खऱ्या वस्तूशेजारी धरायचा. "डोळा लबाड असतो, त्याला कशाचीही सवय होते," असं त्या म्हणत. झेंडूचा खरा केशरी आमच्या शाईत बसत नसे, तर तेही त्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकत. पण त्यांनी छापलेलं जांभूळ खऱ्या जांभळाशेजारी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा उचलायला मी हात घातला तो कागदावरच. फुलांच्या राशीत वाढलेला माणूस मी. रंग बघायला मात्र त्या सज्जात शिकलो.

ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो यानंतर दोन वर्षांनी घडला. चांदवडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका संघाला दोनशे कार्डं हवी होती. कार्डावर पानांचे फोटो: निरोगी पान कसं दिसतं, लोह कमी पडलं की कसं, मॅग्नेशियम कमी पडलं की कसं. ऑक्टोबर छाटणीनंतर नवी पानं आली की शेतकऱ्यानं कार्ड पानाला लावून बघायचं आणि त्यावरून काय फवारायचं ते ठरवायचं. म्हणजे रंग चुकला, तर बाग चुकली.

दसऱ्याच्या सुमारास ताई आठवडाभर आजारी भावाकडे इगतपुरीला गेल्या होत्या. यंत्रांची पूजा मी केली. पडद्याला घरच्या झेंडूचा हार घातला, प्रिंटरला हळदकुंकू लावलं आणि मापक यंत्र टेबलावर उताणं पडलं होतं, त्यालाही मोठ्या भक्तिभावानं बरोबर मधोमध बोट टेकवलं. ती त्याची रंग मोजायची काच होती. सोमवारी मी ती रुमालानं पुसली आणि पडदा मोजला. काचेवर हळदीचा पातळ थर राहिला होता. पिवळ्या काचेतून बघणाऱ्या त्या यंत्राला पडद्यात निळा कमी दिसला, त्यानं तो वाढवून घेतला. मग मला पडद्यावर पानं निळसर वाटली म्हणून मी त्यांत पिवळा वाढवला. संघाची गाडी दारात उभी होती. खरं पान आणून उन्हात धरायचं मी टाळलं आणि कार्डं देऊन टाकली.

ताई परतल्यानंतर तीन-चार दिवसांनी एक शेतकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पान घेऊन आले. "पान पिवळं पडाया लागलं व्हतं, ताई," ते म्हणाले. "पन कार्डावरचं चांगलं पानबी असंच दिसतंय. म्हून आठ दिस कायबी मारलं नाय. आता लय पसरलंय."

ताई कार्ड आणि पान घेऊन सज्जात गेल्या. बराच वेळ उन्हात उभ्या राहिल्या. आत येऊन त्यांनी मापक यंत्राची काच ओल्या पांढऱ्या कापसानं पुसली. कापूस पिवळा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताई त्या शेतकऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी आहे. आज घरी गेल्या गेल्या फवारा. कार्डं मी बदलून देते."

नवी कार्डं छापून पुढचे पंधरा दिवस ताई एस.टी.नं गावोगाव फिरल्या. प्रत्येक बागेत नवं कार्ड खऱ्या पानाला लावून दाखवलं आणि जुनं परत घेतलं. शेवटच्या कार्डाचा मालक कांदा घेऊन लासलगावला गेला होता, तर या बाई ट्रॅक्टरांच्या रांगेतून त्याला शोधत हिंडल्या आणि सीटखालून कार्ड काढून घेऊन आल्या. ती दोनशे कार्डं टेबलावर मोजून ठेवलेली पाहिली आणि मला रडू आवरलं नाही.

बागा सावरल्या, पण संघानं पुढची दोन वर्षं ताईंना काम दिलं नाही. "बाईंच्या कामात आता राम राहिला नाही," असं लोक उघड बोलत. मी खरं सांगायला निघालो, तेव्हा ताईंनी मला थांबवलं. "तुला अजून नाव कमवायचंय. माझं आहे, त्याला एवढं पेलेल."

त्यांचं मी आजवर ऐकलं. हा गौरवग्रंथ त्या संघातली मंडळीही वाचतील, म्हणून आज ऐकत नाही. मंडळी, ती चूक ताईंची नव्हती. हळद मी लावली होती.

पुढच्या दसऱ्याला मी पूजेपासून लांबच उभा होतो. ताईंनी हळदकुंकवाचं तबक आणून माझ्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, "पूजा तूच करायची. फक्त काचेवर टोपण आहे का बघ."

तेव्हापासून दर दसऱ्याला पूजा मीच करतो आणि त्या मागे उभ्या राहून दरवेळी तेच विचारतात. यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची नजर आणि तब्येत अशीच ठणठणीत राहो, आणि मी म्हातारा होऊन थरथरत्या बोटानं हळद लावीन, तेव्हाही मागून त्यांचा आवाज येवो, "टोपण बघितलंस का?"