आवक-जावक, पुंडलिकनगर

नोकरीत असताना किस्से जमवावे लागत नाहीत. साहेब लोक ते तयार करून देतात, आपण फक्त चहाच्या वेळी वाटायचे. निवृत्त झाल्यावर हा पुरवठा बंद पडेल अशी मला भीती होती. ती खोटी निघाली. घरात एक बेकार इंजिनियर असला की किस्से आपण होऊन दारात येऊन बसतात. सणाला तर जास्तच, कारण सणाला नातेवाईक येतात आणि नातेवाइकांना प्रश्न एकच येतो.

मी पाटबंधारे खात्यात एका तालुक्याच्या गावी आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. निवृत्त झालो, घराला कुलूप लावलं आणि बायको व मुलगा महेश यांना घेऊन संभाजीनगरात आलो. पुंडलिकनगरात तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नोकऱ्या शहरात असतात, असं सगळे सांगत होते. असतील. आम्हीही आता शहरात आहोत. अजून गाठ पडलेली नाही.

* * *

आल्या आल्या बायकोनं केरसुणी आणि माठ आणला. मी दोन नोंदवह्या आणल्या. एकीवर लिहिलं ‘जावक’, दुसरीवर ‘आवक’.

महेश म्हणाला, "बाबा, आता सगळं ऑनलाइन असतं."

मी म्हणालो, "ऑनलाइन गेलेल्या कागदाची पोच मिळते का?"

मिळत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

मग पद्धत ठरली. महेश मेल पाठवायचा, आणि शिवाय मी लिहिलेला कागदी अर्ज कंपनीच्या गेटवर नेऊन द्यायचा. ‘विषय : नोकरी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...’ आणि डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, खाली तारीख. क्रमांकाशिवाय कागद माझ्या हातून आजवर बाहेर गेलेला नाही.

एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. तिथल्या मॅडम महेशच्याच वयाच्या. त्यांनी अर्ज हातात घेतला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"जावक क्रमांक, मॅडम. सत्तेचाळीस."

"म्हणजे आमच्या आधी सेहेचाळीस जणांनी तुम्हाला नाकारलंय?"

महेशला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "नाकारलं नाही, मॅडम. उत्तरच दिलेलं नाही."

"मग आमच्यापुढंही तसंच लिहून ठेवा," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून क्रमांक फक्त वहीत असतो, अर्जावर टाकत नाही. कार्यालयीन पद्धतीत एवढी मोठी तडजोड मी जन्मात केली नव्हती. आवकची वही मात्र फार स्वच्छ राहिली आहे. तिच्यात एक अक्षर पडलेलं नाही.

* * *

पहिल्याच भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. मुखवटे आमच्याकडं असतात, त्यामुळं आम्ही जिथं तिथं त्या. गावाहून माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी आले.

आमच्याकडची रीत अशी की घरच्या सुनेनं मुखवटा ताम्हणात घेऊन दारातून आत यायचं आणि देवीला सगळं घर दाखवायचं. मागून थोरल्या जावेनं विचारायचं, "इथं काय आहे?" सुनेनं उत्तर द्यायचं. गावाकडच्या घरात हा कार्यक्रम अर्धा तास चालायचा. माजघर, कोठी, देवघर, गोठा. इथं दोन खोल्या!

"इथं काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"स्वयंपाकघर. अन्नधान्य उदंड आहे," बायको म्हणाली.

"इथं काय आहे?"

"बैठक. पाहुणेरावळे उदंड आहेत."

संपलं घर. पण वहिनींना सात वेळा विचारायची सवय. त्या भिंतीला लावलेल्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. टेबलावर माझ्या दोन नोंदवह्या आणि महेशची फाइल होती.

"इथं काय आहे?"

बायकोच्या हातात देवी, मागं चार बायका, घंटा वाजतेय. ‘काही नाही’ असं महालक्ष्मीला सांगता येत नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "महेशची नोकरी."

घंटा थांबली. "लागली?" वहिनी म्हणाल्या. "अगं मग सांगितलं नाहीस ते!"

दुसऱ्या दिवशी जेवणावळीत सोळा भाज्यांबरोबर ही बातमीही वाढली गेली. दादांनी महेशला पुरणपोळी जास्तीची दिली.

पाहुणे गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "हे काय केलंस?"

"मी काय केलं? तोंडातून गेलं. पण गेलं ते देवीपुढं गेलं," ती म्हणाली. "आता तिला खोटं पाडू नका. पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत लागलीच पाहिजे. आणि तोवर कुणाला काही बोलायचं नाही, सांगून ठेवते."

अशी ही मुदत पडली. सरकारी मुदतीला मुदतवाढ असते. हिला नव्हती.

* * *

आमच्या कोपऱ्यावर सलीमभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. सगळे अर्ज तिथंच निघायचे, त्यामुळं आमची खरी परिस्थिती शहरात फक्त त्यांना माहीत होती. ते मला साहेब म्हणतात. नोकरीत मला कुणी म्हणालं नाही.

दसऱ्याच्या आधी दादांचा फोन आला. "खंडेनवमीला कंपन्यांमध्ये मशिनींची पूजा असते ना? घरच्यांना आत सोडतात म्हणे. मी येतो. महेशची मशीन बघायची आहे."

महेशनं माझ्या हातून फोन घेतला. "मोठे काका, या वर्षी बाहेरच्यांना बंदी आहे. मी फोटो पाठवतो."

खंडेनवमीला तो सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, पूजेचं ताट घेऊन घराबाहेर पडला. गल्लीनं पाहिलं, मुलगा कंपनीत निघाला. तो सरळ सलीमभाईंच्या दुकानात गेला.

सलीमभाई म्हणाले, "हौ, करो ना पूजा. कायकू शरमाते?" त्यांनी स्वतः मशिनीवरचा कागदांचा गठ्ठा उचलला. महेशनं मशिनीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि जवळून फोटो काढून पाठवला.

दादांचा लगेच फोन. "मशीन लहान दिसते रे."

"जपानी आहे," महेश म्हणाला.

"तरीच," दादा म्हणाले.

संध्याकाळी मी सलीमभाईंचे आभार मानायला गेलो. ते म्हणाले, "साहेब, पंदरा साल में पैली बार इसको हार पड्या. आज एक भी कागद अटक्या नै."

* * *

आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्याला पाण्याचा दिवस म्हणतात. पाण्याच्या दिवशी लग्नाची बोलणीसुद्धा पुढं ढकलतात. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई मोटार सुरू करायच्या आत आमच्या टाकीत जेवढं पडेल तेवढं आमचं.

अशाच एका दिवशी महेश पाइप धरून उभा होता आणि त्याचा फोन बायकोच्या हातात होता. फोन वाजला. बिडकीनच्या बाजूच्या एका नव्या कारखान्यातून होता. हा कारखाना महेशच्या यादीत सगळ्यात वर होता.

"महेश आहेत का? इंटरव्ह्यूसाठी बोलायचं होतं."

बायको म्हणाली, "आहे हो, पण पाणी आलंय. तो भरतोय. तासाभरानं करता का?"

"ठीक आहे," पलीकडचा माणूस म्हणाला.

त्या नंबरवर आपल्याकडून फोन लागत नाही. महेशनं खूप वेळा करून पाहिला. बायकोनं नंतर दोन महिने फोन उशाशी ठेवला, देवघरात ठेवला, भाजीच्या पिशवीत नेला. तो तास अजून भरलेला नाही.

टाकी मात्र त्या दिवशी काठोकाठ भरली होती.

* * *

दिवाळी तोंडावर आली. पडेगावच्या बाजूला एका लेबर ठेकेदाराचं ऑफिस आहे, तो पॅकिंगला माणसं घेतो असं कळलं. महेश गेला आणि तासात परत आला.

"काय झालं?"

"बीई नको म्हणतात. बीईवाले पळून जातात, बारावीवाला पाहिजे."

आम्ही सलीमभाईंकडं गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर बायोडाटा उघडला, एका बोटानं बटण दाबून धरलं आणि अभियांत्रिकीची वर्षं एकेक अक्षर करत मागं मागं गेली. शेवटी बारावी उरली. सलीमभाई पडद्याकडं बघत म्हणाले, "चढाने कू कितना टैम लग्या होंगा साहेब."

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो आणि दाराजवळच्या बाकावर बसलो. आदल्या दिवशीचा मुनीम नव्हता, खुद्द ठेकेदार होता.

त्यानं कागद वाचला. "बारावीनंतर पाच वर्षं काय केलंस?"

"घरीच होतो," महेश म्हणाला.

"नुसता बसून?"

"हो."

ठेकेदारानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही वडील ना, काका? धडधाकट पोरगा पाच वर्षं घरी बसवून खाऊ घातला? काही शिकवायचं तरी होतं."

मी म्हणालो, "चुकलं."

महेशला घेतलं. दिवाळीपर्यंत त्यानं खोकी चिकटवली. दिवाळी झाली, ऑर्डर संपली, तोही संपला. भाऊबीजेला दादांचा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, "महेश घरीच आहे, कंपनी बंद आहे." वर्षभरात तिनं दादांना सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट.

* * *

मग सलीमभाईंनीच सुचवलं. "दुकान पे बैठो. फॉर्म भरनेवाले बहोत आते, मेरेकु वो सब जमता नै."

महेश दुकानात बसायला लागला. पोरं यायची, तो त्यांचे ऑनलाइन फॉर्म भरायचा. फोटो किती मोठा, सही कुठं, दाखला कुठला, सगळं त्याला पाठ होतं. एवढा अनुभव त्या वयात दुसऱ्या कुणाला नसेल.

संक्रांतीला मी दुकानात बसलो होतो, तेव्हा एक पोरगा तिळगुळाचा डबा घेऊन आला. महेशच्या पाया पडायला लागला.

"काय झालं?"

"दादा, लागलो. बिडकीनला, त्या नव्या कारखान्यात. तुम्हीच फॉर्म भरला होता."

महेशनं त्याला उठवलं.

"तुमच्या हाताला यश आहे दादा," पोरगा म्हणाला. "तिळगुळ घ्या."

महेशनं घेतला. ‘गोड बोला’ हे दोघांपैकी कोण म्हणालं ते मला ऐकू आलं नाही.

* * *

शेवटचा किस्सा या भाद्रपदातला.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी बायकोनं मला जावकचा आकडा विचारला. मी वही उघडून सांगितलं, "दोनशे तेरा." तिनं आवकचा विचारला नाही.

मी म्हणालो, "या वेळी दादांना खरं सांगून टाकू."

"देवी उठल्यावर सांगा," ती म्हणाली. "बसलेली असताना नको."

दादा आणि वहिनी आले. या वेळी त्यांची मुलगी पल्लवीही आली होती. यंदाच बी.कॉम. झालेली. तिच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं आणि ते ती चहा पितानाही खाली ठेवत नव्हती.

संध्याकाळी बायको मुखवटा घेऊन दारातून आत आली. मागं वहिनी.

"इथं काय आहे?"

"स्वयंपाकघर. अन्नधान्य उदंड आहे."

"इथं काय आहे?"

"बैठक. पाहुणेरावळे उदंड आहेत."

बायको तिथूनच देवीच्या जागेकडं वळायला लागली. पण वहिनी टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"इथं काय आहे?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. घंटा वाजवणारा मी होतो, मी जोरात वाजवली.

"अगं, विसरलीस की काय?" वहिनी हसून म्हणाल्या, आणि देवीला त्यांनीच सांगितलं, "इथं महेशची नोकरी आहे. आता आमच्या पल्लवीची पण होऊ दे."

देवी बसल्या, आरती झाली. दादांनी पल्लवीला पुढं केलं. "महेश, तुला कंपनीत आता वर्ष झालं. हिला आत चिकटव. ऑफिसात, स्टोअरला, कुठंही चालेल. मी कुणाकडं शब्द टाकलेला नाही. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं?"

पल्लवीनं फोल्डर दोन्ही हातांनी महेशपुढं धरलं. "महेशदादा, सगळे झेरॉक्स जोडलेत."

महेशनं ते घेतलं. दुकानात घेतो तसंच घेतलं, एकेक कागद उलटून पाहिला. "फोटो सहा महिन्यांच्या आतला आहे ना?"

"हो."

"गुणपत्रिकेवर सही राहिलीय. इथं कर."

दादा माझ्याकडं झुकून म्हणाले, "बघ, आता कसा साहेबासारखा विचारतो."

पल्लवीनं सही केली. महेशनं कागद सारखे केले, फोल्डर बंद केलं आणि माझ्याकडं दिलं.

"बाबा, नोंद करून घ्या."

मी टेबलापाशी बसलो. जावकची वही बाजूला केली आणि आवकची उघडली. कोरी वही, पानं एकमेकांना चिकटली होती. तारीख घातली. कोणाकडून, विषय, सोबत जोडलेले कागद. पहिल्या रकान्यात क्रमांक घातला.

पल्लवी माझ्या खांद्यावरून बघत होती. "काका, माझा कितवा नंबर?"

"एक."

"पहिलाच?" ती म्हणाली. मग आत ओरडून तिनं आईला सांगितलं, "आई, माझा पहिला नंबर आहे!" आणि महालक्ष्म्यांपुढं जाऊन तिनं डोकं टेकवलं.