पाडव्याला बंद राहिलेली बीड

मी मध्य प्रदेशातल्या धारची. वडील तिथल्या एका देवळात नैवेद्याचा स्वयंपाक करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून मी देवासला मावशीकडे राहून वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करायला लागले, तेव्हा वडील भेटेल त्याला सांगायचे, "मुलगी आता गवतावर शिकते." लोकांना ते कळायचं नाही. खरं तर मलाही पूर्ण कळलं नव्हतं.

कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं की हाटपिपल्याच्या पुढे एक माळ आहे, तिथे गाई बेतानं चारून गवत राखतात, त्यात घरटी करणारे पक्षी राखतात, आणि हाताखाली मुलं हवी आहेत. पगार नाही. मला पुढे एम.एस्सी.ला जायचं होतं आणि त्यासाठी अशा कामाचं पत्र लागणार होतं. मी शनिवार-रविवार बसनं जायला लागले.

जमीन ज्यांची, त्यांना तिथे सगळे सर म्हणायचे. इंदूरला राहणारे, पणजोबा कुठल्याशा दरबारात होते म्हणे. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून ते मराठीत बोलायला लागले. "आपली माणसं मिळत नाहीत गं इकडे," म्हणाले. माझी शाळा हिंदीतली, माझं मराठी निम्मं हिंदी. तरी त्या 'आपली' शब्दानं मी दिवसभर उगाच हसत होते.

माळाचे चार तुकडे केले होते. तीन तुकड्यांत गाई पाळीपाळीनं फिरायच्या, कुठेच जास्त दिवस नाही. चौथा पावसाळाभर बंद, कारण त्यातल्या उंच गवतात लावे पक्षी अंडी घालत. मी काठीनं गवताची उंची मोजायचे आणि वहीत लिहायचे. गाई मात्र सरांच्या नव्हत्या. त्या शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गुराख्याच्या. तिकडे मोठ्या माणसाला दाजी म्हणतात, म्हणून मीही त्यांना दाजी म्हणायचे. अकरा गाई. दाजी प्रत्येकीशी वेगळ्या आवाजात बोलत.

दाजींना पावसाळ्यात आमच्या सांगण्याप्रमाणे गाई फिरवणं पटत नव्हतं. "ढोर काय शाळेत जातात? घंटा झाली, वर्ग बदला?" असं ते माळवीत, तिकडच्या बोलीत म्हणायचे आणि मला मास्टरनी म्हणून हाक मारायचे. एक दिवस सर मला घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. सरांना माळवी येत नाही. ते मला मराठीत म्हणाले, "त्यांना सांग, चौथ्या तुकड्यात दिवाळीपर्यंत गाई घालू नका. पाडव्याला तो त्यांच्यासाठी उघडतो. हिवाळाभर त्यांच्याच गाई."

मी सांगितलं. दाजींनी सरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे राखलेल्या गवताच्या माळाला बीड म्हणतात, आणि ती दिवाळीनंतर उघडायची जुनी रीत आहे. त्यामुळे त्यांना यात नवीन काही वाटलं नसावं. फक्त विचारलं, "तू कई री हे?" म्हणजे, हे तू म्हणतेस ना?

"हो दाजी, मी म्हणते."

कागद वगैरे काही झालं नाही. दाजी दरवर्षी पीपलरावां गावात एका ओळखीच्याची बीड हिवाळ्यासाठी भाड्यानं धरत. त्या वर्षी त्यांनी त्याला नको म्हणून कळवलं. हे मला त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. पाण्याचा तांब्या पुढे करता करता.

चौथ्या तुकड्याला दाजींनी एकही गाय लावली नाही. एकदा एक कालवड तारेखालून आत शिरली, तर तिला बाहेर काढून माझ्यासमोर कान धरले, स्वतःचे. गवत माझ्या खांद्याला लागलं. माझ्या वहीत इतके उंच आकडे कधी आले नव्हते.

पाडव्याच्या दोन दिवस आधी सरांचा फोन आला. चौथा तुकडा उघडायचा नाही. माळाच्या कामाला पैसे देणारे पाहुणे येणार आहेत, त्यांना उभं गवत दाखवायचंय.

मी म्हणाले, "सर, पण आपण दाजींना सांगितलंय. आणि चरलं नाही तर गवत कुजतं, तुम्हीच शिकवलंत."

"एका वर्षानं काही होत नाही. अगं, तेव्हा काम अडलं होतं. असं बोलावं लागतं. तू लहान आहेस अजून." लगेच पुढे म्हणाले, "आणि तुझं पत्र मी या आठवड्यात लिहून ठेवतोय. चांगलं लिहितोय."

मी दाजींना जाऊन सांगायला हवं होतं. दोन दिवस हातात होते. मी गेले नाही. मला वाटलं, सर शेवटी ऐकतील, आपली माणसं आहेत.

सरांनी यायला सांगितलं होतं म्हणून पाडव्याला मी सकाळीच माळावर पोचले. दाजी आले. अकराही गाई न्हाऊ घातलेल्या, शिंगं रंगवलेली, अंगावर गेरूचे पंजे, गळ्यात झेंडूच्या माळा. मागे बायको ताट घेऊन. चौथ्या तुकड्याच्या फाटकाला कुलूप. मी आतल्या बाजूला, माळावरच्या घराकडून आलेली.

"खोल, मास्टरनी."

किल्ली त्या घराच्या स्वयंपाकघरात खिळ्याला होती. मला माहीत होतं. तिथपर्यंत पन्नास पावलंही नव्हती.

"दाजी, सरांनी नाही म्हटलंय."

"थने कियो थो नी?" तूच म्हणाली होतीस ना. आवाज चढलेला नव्हता.

त्यांची बायको म्हणाली, "पोरीला काय विचारता? तिच्या हातात काय आहे?" ती मला वाचवत होती. मला ते सगळ्यात जास्त लागलं, कारण माझ्या हातात होतं.

दाजींनी गाई वळवल्या. पुढची वळेना, फाटकाआतल्या गवताकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

पीपलरावां गावातली बीड तोवर दुसऱ्याकडे गेली होती. दाजींनी चार गाई ठेवल्या आणि सात कन्नौदला मेव्हण्याकडे हिवाळाभर पाठवायचं ठरवलं. ते चालत निघाले त्या दिवशी मी कॉलेज बुडवून गेले. पत्र माझ्या दप्तरात होतं. खरंच चांगलं लिहिलं होतं, माझ्या 'स्थानिकांशी असलेल्या विश्वासाच्या नात्या'बद्दल एक अख्खा परिच्छेद.

मी मागे मागे चालले. दाजींनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एका ओढ्याशी गाई पाण्याला थांबल्या, तेव्हा मी म्हणाले, "दाजी, किल्ली कुठे होती ते मला माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मग ते गाईंशी बोलायला लागले, एकेकीशी वेगळ्या आवाजात. ते गाई घेऊन ओढा ओलांडून गेले, मी अलीकडेच उभी राहिले.